चादरीच्या चौथ्या कडेवर

ताईचा विषय निघाला की चिमीच्या पोटात अजूनही दुखतं. थोरली बहीण जाऊन वर्ष झालं, चिमीनं स्वतः सत्तरी ओलांडली, पण हेवा काही म्हातारा व्हायचं नाव घेत नाही.

आणि हेवा तरी कशाचा? ताईकडे होतं काय? तिशीच्या आत नवरा गेला, मग एकुलता एक मुलगा तापानं गेला. उरलं पायाचं शिलाई मशीन आणि हॉस्पिटलच्या चादरींचं काम. चिमीला नवरा, दोन मुली, गच्चीचं घर, कशाची म्हणून ददात नाही. तरी झोपेची गोळी लागायची ती चिमीलाच. ताई आपली मशीनवर बसून देवाशी बोलायची. चादरीला चार कडा, म्हणून चार माणसं. कड दुमडली की एकाचं नाव घ्यायचं आणि शिवण संपेपर्यंत त्याचं भलं मागायचं. देवाला असं कामाला जुंपलेलं चिमीनं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

दर मंगळवारी ती दोरे कापायला म्हणून जाऊन बसायची. खरं तर नावं ऐकायला. कोण नसायचं त्यात? कंपाउंडर, खालची भांडकुदळ घरमालकीण, इतकंच काय, तिच्या पोराला साधा ताप आहे म्हणून घरी पाठवणारा तो डॉक्टरसुद्धा. त्याच्या वेळी तर ताई मशीन मुद्दाम हळू चालवायची. फक्त चिमी नसायची. एकदाही नाही. सख्खी बहीण, बरं का! चिमी मनातल्या मनात चरफडायची.

मग ताईचे डोळे अधू झाले आणि एका मंगळवारी हातात शेवटची चादर उरली. तीन कडा झाल्या. चौथीला ताईनं पुन्हा डॉक्टरचंच नाव घेतलं, तेव्हा चिमीनं मशीनचं चाक धरून ठेवलं.

"त्या मेल्याला शेवटची कड? आणि मी कोण गं तुझी?"

ताईनं मशीनवरचा पाय काढून घेतला.

"तो चुकला, चिमे, म्हणून त्याला माफ तरी करता आलं. तुझं काही चुकलंच नाही. तुझ्या मुली शाळेतून आई आई करत यायच्या आणि माझ्या जिवाची आग व्हायची. तुझं भलं माग म्हटलं की शब्दच फुटायचा नाही. देवापुढे खोटं कसं बोलू?"

चिमीला वाईट वाटलं. पण त्याआधी, सांगायला लाज वाटते, पोटात गार वाटलं. एवढी देवमाणूस ताई, आणि जळत होती ती चिमीवर.

"आता घे," चिमी म्हणाली आणि तिनं चाक सोडलं.

ताईनं कड दुमडली, "चिमी" म्हणाली आणि मशीन सुरू केलं. पुढे काही मागितलं नाही. कड संपली.

"एवढंच जमलं गं."

चिमीनं हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, मुलींनाही नाही. बाकीची ताई सगळ्यांची होती. ही एवढी तिच्या एकटीची, आणि तीत ती कुणाला वाटा देणार नाही.