मोठ्याने वाचलेला ठराव

ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. रत्नागिरीत आमच्या संगीत मंडळाचा मोसम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि आंबा उतरायला लागला की संपायचा. तेवढ्या अवधीत शास्त्रीय संगीताच्या सहा मैफली. कलाकार पुण्या-मुंबईहून एसटीने येत. त्यांना आणायला महामार्गावरच्या हातखंबा तिठ्यापर्यंत मी जायचो, कारण अकरा वर्षं मंडळाचा चिटणीस मीच होतो.

मंडळाचे दोन तंबोरे मास्तरांच्या घरी असत. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, आमच्या कार्यकारिणीतले सर्वांत वडील. मैफलीआधी तंबोरे सुरात लावून ठेवायचं काम मंडळ सुरू झाल्यापासून त्यांचं. रत्नागिरीत कलाकाराला खुंटीला हात लावावा लागत नाही, हे आम्ही बाहेर अभिमानाने सांगत असू.

त्या वर्षीच्या मोसमात मात्र तो लावावा लागला. आम्ही खाऱ्या हवेला दोष देत राहिलो, पण मला नोंद ठेवायची सवय. सहापैकी चार मैफलींत कलाकाराने तारा पुन्हा लावून घेतल्या होत्या. मास्तरांना कमी ऐकू यायला लागलं होतं.

नव्या मोसमाची आखणी करायला कार्यकारिणी भरली तेव्हा मास्तर मुलीकडे संगमेश्वरला गेले होते. विषय निघाला, मी माझा आकडा सांगितला. दहा मिनिटांत ठराव झाला. उठताना अध्यक्ष मला म्हणाले, "पुढल्या सभेआधी तुम्ही घरी जाऊन सांगा त्यांना. नीट, सावकाश."

मास्तर परतल्यावर मी गेलो. ते ओटीवर तंबोऱ्याला नवी तार चढवत बसले होते. मला बघताच म्हणाले, "यंदाची यादी झाली का? कोण कुठल्या पट्टीत गाणार ते सांगा, म्हणजे तयारीला लागतो." मी सहाही नावं सांगितली. त्यांनी प्रत्येकापुढे पट्टी लिहून घेतली. वहिनींनी चहा दिला. तो पिऊन मी घरी आलो.

सभेला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत मी पुन्हा गेलो नाही.

सभा वाचनालयाच्या मागच्या खोलीत. सुरुवातीला मागील सभेचं इतिवृत्त वाचायचं, मग सूचक-अनुमोदकाने ते कायम करायचं, ही आमची पद्धत. मास्तर माझ्यासमोरच बसले होते. त्यांच्याबद्दलचा पाचवा ठराव गाळून पुढे जाता आलं असतं. पण लिहिलेलं गाळायचं हे मी कधी केलं नव्हतं, आणि ते माझ्याच्याने झालं नाही. आवाज खाली आणून मी वाचून टाकलं.

गेल्या सभेला नसलेले आमचे एक औषधविक्रेते सभासद हसून म्हणाले, "चिटणीस, सकाळपासून उपाशी आहात काय? वाचताय की जप करताय?"

मास्तरांनी कानामागे हात धरला. "खरंच हो. पाचवं काही कळलं नाही. जरा मोठ्याने वाचा."

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत होते. मग मी मोठ्याने वाचलं: "मास्तरांची श्रवणशक्ती क्षीण झाल्याने व गत मोसमात सहापैकी चार वेळा तंबोरे बेसूर आढळल्याने, यापुढे तंबोरे लावण्याचे काम त्यांच्याकडे देऊ नये असे सर्वानुमते ठरले."

भाषा माझीच होती. औषधविक्रेत्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"चार वेळा," मास्तर म्हणाले. "कुणी मोजलं?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. इतिवृत्त कायम करायला सूचक कोण, असं अध्यक्षांनी विचारलं तेव्हा कुणी बोलेना. शेवटी मास्तरच म्हणाले, "माझं नाव घाला. वाचलंय ते बरोबर असणार." मी ते लिहिलं.

सभा संपल्यावर त्यांना चप्पल सापडेपर्यंत मी दाराशी थांबलो.

"त्या दिवशी हेच सांगायला आला होतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग सांगायचं होतं. घरात आम्ही दोघंच होतो." एवढं बोलून ते जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही तंबोरे गवसणी घालून हातगाडीवरून माझ्या घरी आले. त्यांच्यासोबत मास्तर नव्हते.

दिवाळीनंतर पहिली मैफल झाली. गायला आलेल्या बाईंनी तंबोरे स्वतः लावले, वीस मिनिटं लागली. लागले मात्र उत्तम. ठराव चुकीचा नव्हता हे मला तेव्हाही पटत होतं. सभागृहात एकशे बारा माणसं होती. ती मी मोजली, आणि मास्तर नाहीत हे माहीत असूनही शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन पुन्हा एकदा मोजली.