भेग न बुजवता

आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी श्रावणात पाय ठेवायला जागा नसायची. वडील शाळेत चित्रकला शिकवायचे आणि चतुर्थीच्या आधी पडवीत त्यांची गणपतीची शाळा भरायची. गावातल्या लोकांनी आणून ठेवलेले पाट, त्यांवर अर्ध्यामुर्ध्या मूर्ती, साचे, रंगाच्या वाट्या. साठ सालानंतरच्या एका श्रावणात त्या पसाऱ्यात मी माझ्या माश्या घेऊन आले.

माश्या म्हणजे माश्यांचे फोटो. पावसाळ्यात दिव्याभोवती लांब पायांची एक माशी भिरभिरते, मोठ्या डासासारखी, पण कुणालाही न चावणारी. तिच्या ज्युरासिक काळातल्या पूर्वजांचे पंख दगडात उमटलेले आहेत. मुंबईच्या माझ्या सरांनी त्यांचे फोटो परदेशातून मागवले होते. या पंखांतल्या शिरा कुठे फुटतात, कुठे जुळतात, यावरून माशीचं कुळ ठरतं. एका माशीला जुन्या अभ्यासकांनी चुकीच्या कुळात घातलंय, असं माझं म्हणणं होतं. तिच्या पंखाच्या मधोमध शिरांनी वेढलेलं एक छोटं घर आहे. ते घर त्यांनी बंद धरलं होतं, मला ते एका बाजूने उघडं दिसत होतं. माझा सगळा प्रबंध त्या उघड्या बाजूवर उभा होता.

आणि प्रबंधावर मी. आत्याने माझ्यासाठी कुडाळचं स्थळ हेरून ठेवलं होतं. वडिलांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "चेडवाचो प्रबंध होवंदे, मगे बघूया." प्रबंध फसला असता तर मी पुढच्या चतुर्थीला सासरीच मोदक वळत बसले असते.

माझा चित्रकलेचा हात म्हणजे आनंदच होता, म्हणून आकृत्या वडिलांनी काढायच्या ठरल्या. ऐन घाईत मूर्ती बाजूला सारून ते भिंग घेऊन बसायचे. दमट हवेत शाई वाळायची नाही, मग कागदावर फुंकर घालायचे. मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळे कागद माझ्या हातात दिले. इतके देखणे पंख मी छापील पुस्तकातही पाहिले नव्हते. मग माझी नजर मधल्या घरावर गेली. घर बंद होतं! एक सुबक आडवी शीर त्याला छान कुलूप लावून बसली होती.

माझ्या तोंडचं पाणी पळालं आणि पाठोपाठ डोकं तडकलं. माझं डोकं तडकायला तेव्हा फार काही लागायचं नाही.

"बाबांनू, ही शीर खंयसून इली? फोटोत नाय ती!"

"थंय भेग होती गो," वडील शांतपणे म्हणाले. "बुजवलंय. भेग ठेवन कोण काम घराभायर देता?"

खरंच होतं. भेगेची मूर्ती पूजेला चालत नाही. जन्मभर त्या बोटांनी भेग दिसली की माती भरून वरून हात फिरवला होता. फोटोतल्या दगडाला तडा गेलेला दिसला, तोही त्यांनी रेघ ओढून बुजवला. मी फडाफडा बोलत सुटले. शेवटी तेही चिडले.

"मगे भेगेखाली काय आसा, ता तुका तरी खंय म्हायत आसा?"

तडा नेमका त्याच जागेवरून गेला होता. तिथे शीर नव्हती हे मी कशावरून सांगत होते? परीक्षकांनी हेच विचारलं असतं तर? मी एका रिकाम्या पाटावर बसले. समोर साच्याचे दोन अर्धे भाग भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्याकडे बघता बघता मला माझ्या ट्रंकेत पडलेला आणखी एक फोटो आठवला. दगड फुटला की पंख दोन्ही तुकड्यांवर उमटलेला सापडतो. दुसऱ्या तुकड्याचा फोटो पुसट होता, म्हणून मी तो बाजूला टाकला होता.

तो आणला. वडिलांनी भिंग लावलं, मग मी लावलं. त्या तुकड्याला तडा नव्हता. घर उघडं होतं, आणि आडव्या शिरेचा मागमूसही नव्हता.

वडिलांनी आकृती पुन्हा काढली. तड्यापाशी आले आणि त्यांचा हात थांबला. कागदाला नमस्कार करून त्यांनी ती जागा मोकळी ठेवली. शेजारी दुसऱ्या तुकड्यावरचा पंख काढला.

परीक्षकांनी तड्याबद्दल विचारलंच, आणि माझ्याकडे उत्तर होतं. माशी तिच्या खऱ्या कुळात गेली, मला पुढे शिकायला मिळालं, आत्याने हात टेकले. वडिलांनी ती भेग बुजवली नसती तर मी तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नसतं. त्या चुकीचे आणि त्या भांडणाचे उपकार मी आजही मानते.

पुढच्या श्रावणात प्रबंधाची प्रत पडवीत, मूर्तींच्या शेजारी ठेवलेली होती. पाट द्यायला आलेल्या शेजाऱ्याने ती उघडली, तड्याच्या आकृतीपाशी थांबला आणि म्हणाला, "मास्तरांनू, हंय तुमची रेघ तुटली."

"तुटाक नाय," वडील मूर्तीवरून हात न काढता म्हणाले. "मी सोडलंय. चेडवाक तशीच होई होती."