चूक दारावर चिकटवणारी आत्या

माझी आत्या लिफ्ट दुरुस्त करते. तिच्याबद्दल बोलायला लागलो की मला आवरणं कठीण, हे आधीच सांगून ठेवतो!

आमची इमारत नऊ मजली, लिफ्ट एकच. आत्याला हे काम मिळालं तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. त्यात पहिल्याच महिन्यात तिने दाराची एक स्प्रिंग उलटी बसवली आणि आमचे सेक्रेटरी चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मध्ये तासभर लटकले. दुसरं कुणी असतं तर विजेवर ढकलून मोकळं झालं असतं. आत्याने लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला: 'काल लिफ्ट अडकली ती माझ्या चुकीने. स्प्रिंग उलटी लागली होती. आता सुलटी आहे.' खाली ठसठशीत सही. बाबांनी कपाळावर हात मारला, "अगं ताई, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास!"

पण तेव्हापासून तिची ती रीतच पडली. चूक झाली की कागद दारावर. आणि एखादा पार्ट चांगला असला, तर "याला हात लावू नका, अजून दोन वर्षं जाईल" असं तोंडावर सांगणार. बारा वर्षांत कागद लागले पाच. मी मोजलेत!

गेल्या महिन्यात ती वरच्या मशीनच्या खोलीतून उतरली ती हात पुसत थेट सोसायटीच्या मीटिंगमध्येच. "लिफ्टचा तारेचा दोर संपत आलाय. आठ दिवस ओढेल, पुढचं मी सांगत नाही. उद्यापासूनच लिफ्ट बंद करा. चार दिवसांचं काम आहे."

एकच गिल्ला झाला. सेक्रेटरी म्हणाले, "मी पाहिलाय, दोर ठणठणीत दिसतोय. महिनाभर थांबू." हात वर करून मत घ्यायचं ठरलं. याच लिफ्टने माझी आई रोज ये-जा करते, आणि हे थांबू म्हणतात!

तेवढ्यात नवव्या मजल्यावरचे मास्तर बोलायला उठले. गुडघे पार गेलेले. लिफ्ट बंद म्हणजे ते घरात कैद. मला वाटलं, झालं, बुडालो. मास्तरांनी हात वर केला.

"बंद करा. जी बाई स्वतःची चूक दारावर लावते, ती दोराबद्दल खोटं कशाला बोलेल?"

आणि हात उठले! चार, नऊ, पंधरा... शेवटी सेक्रेटरींचाही, जेमतेम कोपरापर्यंत. मी तर शिट्टीच मारली.

चार दिवस आम्ही धापा टाकत जिने चढलो. मास्तरांची दूध-भाजी आळीपाळीने वर नेली. पाचव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली आणि दारावर सहावा कागद दिसला: 'दोर बदलला. मी आठ दिवस म्हटलं होतं, ती माझी चूक. काढून पाहिला तर आतल्या तारा तुटलेल्या होत्या. दोन दिवसही टिकला नसता.'

सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला. मग एका कोपऱ्याची सुटलेली चिकटपट्टी अंगठ्याने नीट दाबून बसवली.