मामांचं फोर-ट्रॅक काही केल्या भरेना

मागच्या रविवारी नांदुऱ्याला मामांकडे गेले ती आराम करायला. चहाचा कप खाली ठेवायच्या आत मामांनी हातात स्क्रू ड्रायव्हर दिला...

त्यांचं फोर-ट्रॅक बिघडलं होतं. म्हणजे कॅसेटवर चालणारा जुना रेकॉर्डर. एकाच टेपवर चार जणांनी वेगवेगळ्या वेळी येऊन आपापला भाग भरायचा, आणि शेवटी सगळं एकत्र ऐकायचं. अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मामांनी ते आणलं, त्याला जमाना झाला.

आता मामांच्या भजनी मंडळाला असलं मशीन कशाला हवं? तर मामा गाणारे, रामभाऊ पेटीवाले, सुखदेवकाका ढोलकवाले... आणि रामभाऊ-सुखदेवकाकांचं बोलणं बंद! कधीतरी एका कार्यक्रमात भजनाची लय वाढत जाऊन हाताबाहेर गेली. हा म्हणे तू पळालास, तो म्हणे तू पळालास. तेव्हापासून दोघं एका सतरंजीवर बसले नाहीत.

म्हणून मामांनी ही युक्ती काढली होती. सकाळी रामभाऊ येऊन पेटी भरून जायचे. दुपारी सुखदेवकाका हेडफोन लावून त्यावर ढोलक वाजवायचे, आणि ते गेले की मामा गायचे. कॅसेट ऐकून लोक म्हणायचे, काय जमतं हो या तिघांचं!

आता सुखदेवकाका कायमचे पुण्याला मुलाकडे निघाले होते, दुसऱ्याच दिवशी. त्याआधी एक भजन भरायचं आणि तेही याच मशीनवर, असा मामांचा हट्ट. फोनवर रेकॉर्ड करू म्हटलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी फोन परत पर्समध्ये टाकला.

"भजन आयकायच्या निमित्तानं जाता जाता तरी बोलले पाह्यजे हे दोघं," मामा मला हळूच म्हणाले. मग मीही पदर खोचला... म्हणजे ओढणी.

जुनी कॅसेट लावली, ठणठणीत वाजली. नवीन भरायला घेतली की लाल दिवा नुसता लुकलुकायचा आणि टेपवर काहीच नाही. कॅसेटची मागची पट्टी तुटली की भरणं बंद होतं, ती तुटलेली नाही ना, ते बघितलं. टेपला टेकणारं हेड स्पिरिटने पुसलं, वायर बदलली, माइक बदलला... ढिम्म! मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, नातेवाइकांत माझा सगळा रुबाब त्याच्यावर. माझा पारा चढायला लागला.

या भानगडीत सकाळी बोलावलेले रामभाऊ पेटी पुढ्यात घेऊन दुपारपर्यंत ताटकळले. आणि ठरल्या वेळी सुखदेवकाका दारात हजर...

"हा काऊन बसला अजून?" त्यांनी मामांना विचारलं.

"त्याले सांग, मशीन बिघडली म्हणून बसलो. हौस नाही मले," रामभाऊंनीही मामांनाच सांगितलं.

शेवटी मी मशीनचं झाकण उघडलं. रेकॉर्डिंगची चार लाल बटणं असतात, प्रत्येक ट्रॅकला एक. त्यांच्या फटींमध्ये हळदकुंकू घट्ट वाळून बसलेलं, आणि सोबत अक्षता! गेली काही वर्षं मशीन कपाटात पडून होतं, तरी मामी दर दसऱ्याला त्याची पूजा करत होत्या. लाल बटणं मुख्य दिसतात म्हणून बोटं नेमकी तिथेच टेकवत होत्या.

"शिलाई मशीन पुजतो, मोटरसायकल पुजतो, मंग हिलेच काऊन सोडू?" मामी फणकारल्या.

मी स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन बसले. चारही बटणं सुटली, आवाजाची पातळी दाखवणारे चारही काटे नाचायला लागले. मी विजयी मुद्रेने तोंड उघडणार, तोच मामांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

"एकच ट्रॅक चालू झाला," मामा म्हणाले. "बाकीचे गेले कामातून. आता दोघायले संगंच बसा लागते."

"एवढी इंजिनेर झाली, अन् एकच ट्रॅक?" रामभाऊ हळहळले. जीव जळला माझा... पण पायावरचा पाय काही हलेना.

मग काय, एक माइक, एक सतरंजी आणि मध्ये गायला मामा. सुरुवातीला दोघं तोंडं फिरवून बसले होते. मग सुखदेवकाकांनी एक असा तुकडा वाजवला की रामभाऊंची मान आपोआप हलली. पुढे लय वाढत वाढत एवढी वाढली की ऐकून मलाच धाप लागली. भजन संपलं आणि दोघांनी एकदमच एकमेकांकडे बोट दाखवलं!

मी टेप मागे घेऊन लावली. पेटी आपणहून पळत नव्हती, ढोलकही नाही. पळत होते ते मामा! प्रत्येक कडव्याला त्यांनाच घाई, आणि हे दोघं बिचारे मागून फरफटत. वेगवेगळं भरताना मामा शेवटी गायचे, तोवर लय ठरून गेलेली असायची. म्हणून हे कधी कुणाला कळलंच नव्हतं.

मग सुखदेवकाका थेट रामभाऊंकडे वळले.

"रामभाऊ, हा पळते बे!"

"हाव ना! मंग आपण कायले भांडलो?"

त्यानंतर दोघांनी मिळून मामांना जे काही धुतलं... मामा खाली मान घालून ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर सुखदेवकाकांची बॅग रामभाऊंच्या हातात होती. गाडी हलली तरी खिडकीशी बोलणं संपेना, इतक्या वर्षांचं साठलेलं. मला अगदी भरून आलं.

परत येताना मामांना म्हटलं, आता तरी सांगा त्यांना, मी चारही ट्रॅक चालू केले होते म्हणून.

"राहू दे, पोरी," मामा डोळे पुसत म्हणाले. "सुखदेव गावी आला अन् परत भांडले तं एकच ट्रॅक कामी येईन."

तर सध्या नांदुऱ्यात मी अर्धवट इंजिनिअर म्हणून प्रसिद्ध आहे... आणि खरं सांगते, एवढा आनंद मला डिग्री हातात पडली तेव्हाही झाला नव्हता.