कबरीला घेऊन बीडला

चौथीनंतर माझी शाळा सुटली. अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ देवालाच ठाऊक. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं सांभाळून घ्यावं.

आमची कबरी शेळी गाभण होती आणि चाऱ्याला तोंड लावत नव्हती. मालक (माझा नवरा) मेंढरं घेऊन गोदाकाठी गेलेले. म्हणून वडवणीहून भाजीच्या टेम्पोत कबरीला मांडीवर घेऊन मी एकटीच बसले. निघताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "दवाखान्यामागं खाटकांची गल्ली हाय. तिकडं नेऊ नको, शेळी परत यायची न्हाई."

बीडला जनावरांच्या दवाखान्यात लई गर्दी. अनोळखी माणसाशी बोलायला मी बुजते, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले. एक म्हातारी बाई बादली घेऊन जनावरांना पाणी पाजत फिरत होती. सगळे तिला सकिनाखाला (खाला म्हणजे मावशी) म्हणत. पगार नाही, काही नाही, तरी रोज येते म्हणे. तिनं विचारलं, मागं का उभी? मी म्हणाले, तुमीच सांगा डॉक्टरांना.

"शेळी तुझी हाय. तू बोल, मी बाजूला उभी राहते."

बोलले. अडखळत, पण सगळं सांगितलं. डॉक्टरांनी सुई दिली, बाहेरून आणायचं औषध लिहून दिलं आणि म्हणाले, रवंथ सुरू झाली की धोका टळला, तोवर थांबा.

ऊन कडक होतं. माझ्या दारात सावली आहे म्हणत खाला पुढं निघाली. मागं गेले तर तीच गल्ली, आणि खालाच्या ओट्यावरच मटणाचं दुकान. माझे पाय थांबले. खालाला कळलं.

"भिऊ नको. आमी विकत आणलेली कापतो, पाहुणी न्हाई."

खालाच्या मालकांनी कबरीखाली गोणपाट अंथरलं. औषध त्यांनीच आणून पाजलं. मला चहा-भाकर मिळाली. खाताना जीव कबरीत होता. मग बसल्या जागी डोळा लागला.

जाग आली तर कबरीचं तोंड हलत होतं. मी खालाला हाक मारली, रवंथ करतीया म्हणून. खाला वाकली आणि हसायलाच लागली. कबरीच्या तोंडात माझा पदर होता. पैसे मी पदराला गाठ मारून ठेवले होते. घामानं गाठ खारट होते आणि शेळी खारटावर तुटून पडते, हे मला कळायला हवं होतं. ओढून काढली तर नोटांचा लगदा.

"औषध महाग पडलं," खालाचे मालक म्हणाले, "पण लागू पडलं."

मला रडू आलं. औषधाचे पैसे खालानं घेतले नाहीत, वर टेम्पोचं भाडं हातात ठेवलं. कधी देशील, विचारलंही नाही. परतताना मांडीवर कबरीनं खरोखरची रवंथ केली.

काकू दारातच होत्या. "परत दिली?"

"दिली. वर भाडंबी दिलं."

कबरीला दोन पाठी (मादी पिल्लं) झाल्या. कापूस वेचून दिवाळीआधी निम्मे पैसे नेले तर खाला घेईना. मी म्हणाले, "घ्या, न्हाईतर परत यायला लाज वाटंल." तेव्हा घेतले.

उरलेले परवा नेले. काकूही होत्या, त्यांची शेळी लंगडत होती. दवाखान्यात त्या मला पुढं ढकलू लागल्या. मी म्हणाले, तुमीच बोला, मी बाजूला उभी राहते. मग तिघी खालाच्या ओट्यावर चहाला बसलो. खालानं पैसे ओढणीच्या टोकाला बांधले आणि काकूंच्या शेळीपासून जरा लांब सरकून बसली. सगळे पैसे फिटले.