एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही

लेव्हलकाकांचं खरं नाव फक्त वीजबिलाला ठाऊक होतं. बाकी सगळ्या गल्लीला ते लेव्हलकाका. चौतीस वर्षं त्यांचं केस कापायचं दुकान एकाच कोपऱ्यावर होतं. केस कापून झाले की काका खुर्चीच्या मागे गुडघ्यांत वाकायचे, एक डोळा मिटायचे आणि सुतार फळीकडे बघतो तसं गिऱ्हाइकाच्या मानेकडे बघून म्हणायचे, "लेव्हल!" हा शब्द कानावर पडल्याशिवाय खुर्चीतून उठायची कोणाची टाप नव्हती. एकदा समोरच्या इमारतीतून धूर यायला लागला आणि दुकान रिकामं झालं, तेव्हाही खुर्चीतला माणूस गळ्यातलं कापड धरून विचारत होता, "पळू का? लेव्हल झालंय का?"

अशा माणसाला अपघात झाला तो अगदी नियमात बसून झाला. दिव्यातला हिरवा माणूस चालायला लागला होता. काका पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधून निघाले होते, कारण कडेनं चालणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. वळणावरून सामानाची एक व्हॅन आली. काकांनी दोन्हीकडे दोन-दोनदा पाहिलं होतं. व्हॅनवाल्याला एकदाही पाहायला वेळ नव्हता.

रुग्णवाहिकेत काका शुद्धीवर आले. वर वाकलेल्या मदतनिसाकडे बघून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, "डाव्या बाजूचा कल्ला कोणी कापलाय रे तुझा?" शेजारी बसलेल्या काकूंना रडता रडता हसू फुटलं. त्यांना वाटलं, चला, माणूस होता तसा परत आला.

हे समाधान प्लास्टर निघेपर्यंत टिकलं.

उजव्या मनगटाचं हाड झकास जुळलं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तो स्वतःच्या नातवाचा फोटो दाखवावा अशा कौतुकानं. पण एका सकाळी काकांनी चहाचं पातेलं उजव्या हातानं उतरवलं, ओट्यावर ठेवलं आणि शांतपणे पेपर उघडून बसले. काकूंनी बघितलं, तर अंगठ्यावर टम्म फोड.

"अहो, भाजलं की!"

"कुठे? काही नाही. कळलंसुद्धा नाही मला," काका फुशारकीनं म्हणाले.

एवढी वर्षं त्या माणसाशेजारी काढल्यावर काकूंना कात्रीतलं थोडं कळत होतं. कात्रीचं एक कडं अंगठ्यात असतं. कुठवर मिटायचं, कुठे थांबायचं, हे कात्रीला तो अंगठा सांगतो. काकांचा अंगठा आता काहीच सांगत नव्हता. नुसता कात्रीबरोबर फिरून येत होता.

काकांनी मात्र दुकान उघडलं. पहिल्याच दिवशी दोन डोकी अशी निघाली, की एकाच्या बायकोनं विचारलं, "पैसे देऊन आलात की भांडून?" काकांना आरशात काहीच वावगं दिसलं नाही. हात आपला, आयुष्यभर खरं बोललेला. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे काय? ते वाकले, डोळा मिटला आणि म्हणाले, "लेव्हल!"

त्या दुपारपासून काकू पिशवी घेऊन बाहेर पडायला लागल्या. भाजीला जाते, म्हणायच्या. रिकामी पिशवी घेऊन जायच्या आणि रिकामीच परत आणायच्या. चार दिवस झाले तरी बाजारात चांगली भाजी म्हणून येईना. काकू गिऱ्हाइकांच्या दारात उभ्या राहत होत्या. एकेक घर घेऊन, जे सांगायचं ते सांगत होत्या. दुकान रिकामं पडलं असतं तर काका आठवड्यात खचले असते. म्हणून काकूंनी सगळ्यांकडून एकच गोष्ट मागितली: हे त्यांना कळू देऊ नका.

आणि गल्लीनं ती दिली! शनिवारी काकांकडे केस कापायचे, "वा, एक नंबर!" म्हणायचं, आणि रविवारी बस डेपोजवळच्या दुकानात जाऊन ते नीट करून घ्यायचे. डेपोवाल्याला तर लांबूनच डोकी ओळखू यायला लागली. "तिकडून आलात का? बसा, तुमची रांग वेगळी आहे." टोप्यांचा खप वाढला. शनिवार संध्याकाळी गल्लीतला निम्मा पुरुषवर्ग सर्दी झाल्यासारखा डोकं झाकून फिरायचा. सगळ्यांत पुढे शेजारचे घड्याळजी. काकांचे लहानपणापासूनचे मित्र, सेकंदाच्या काट्यातला बाक ओळखणारा माणूस, पण डोक्यावरची ती घसरगुंडी आरशात बघून म्हणायचे, "लेव्हल, तुझ्या हाताला तोड नाही."

मग एका शनिवारी काकू डबा घेऊन दुकानात गेल्या, तर घड्याळजी कानाला रुमाल लावून बसलेले.

"डास चावला," घड्याळजी म्हणाले.

"एवढं रक्त?" काकांनी विचारलं.

"मोठा होता."

काका हसले आणि वस्तऱ्याची पेटी पुसायला घेतली. "पुढच्या महिन्यापासून दाढ्याही सुरू करतो. हात आता मोकळा झालाय." काकूंनी डबा ठेवला आणि त्या घरी आल्या. त्या रुमालावरचा डाग त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. आज कान. उद्या कोणाचा तरी गळा.

आता सगळी भिस्त भरपाईच्या दाव्यावर होती. हॉस्पिटलचा खर्च व्हॅनच्या विमा कंपनीनं कुरकुर न करता कबूल केला होता. चौकातल्या कॅमेऱ्यात व्हॅन धडधडीत दिसत होती. भांडण होतं ते हातातलं काम कायमचं गेलं या मुद्द्यावर. तो मान्य झाला असता तर दोघांचं निभलं असतं. गुडघे दुखतात, वय झालं, असं काहीतरी निमित्त काढून काकूंनी दुकान गोडीगुलाबीनं बंद करायला लावलं असतं. वस्तरा पेटीत राहिला असता आणि काकांना कधीच कळलं नसतं.

पण तो मुद्दा अर्जात वाचूनच काका उखडले होते. "हे खोडा. माझा हात गेलेला नाही."

"काका, कागदावर तसं लिहावं लागतं," त्यांच्या तरुण वकीलबाई म्हणाल्या.

"नुसतं कागदावर ना? मग जाऊ दे गेला तर."

विम्याच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली, तिथे तर काकांनी कमालच केली. डॉक्टर अंगठ्याला टाचणी टेकवून विचारत होते, कळतं का? काका अंगठ्यावर डोळे रोखून बसलेले. टाचणी टेकली रे टेकली की "हो!" दहापैकी दहा. परीक्षेत पहिला आल्यासारखे बाहेर आले. डॉक्टरांनी लिहिलं, संवेदना पूर्ववत. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, त्यावर पाण्याचा जग, एक पाय आखूड असलेली साक्षीदाराची खुर्ची. टेबलामागे निकाल देणारे साहेब, चष्मा कपाळावर ढकलून फाइल वाचणारे. विम्याचे वकील फार सभ्य होते. आवाज एकदाही चढवला नाही.

"काका, अपघातानंतर तुमची गिऱ्हाइकं किती कमी झाली?"

"कमी?" काकांनी छाती पुढे काढली. "एकही गिऱ्हाईक कमी झालं नाही! वही बघा."

वकीलबाईंच्या हातातलं पेन थांबलं. विम्याच्या वकिलांनी वही बघितली, आदरानं मिटली आणि म्हणाले, "अभिनंदन."

मग घड्याळजी. ते साक्षीदार होते ते काकांच्या बाजूचे, डोक्यावर टोपी घालून आलेले. साहेबांनी टोपी काढायला सांगितली.

"तुमचे केस कोण कापतं?"

"हा."

"कसे कापतो?"

वकीलबाई डोळ्यांनी विनवत होत्या. पण समोर काका बसले होते, मान वळवून, ऐकायला उत्सुक. घड्याळजी म्हणाले, "एकदम लेव्हल."

"साहेब, आपणच पाहा," विम्याचे वकील म्हणाले. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि घड्याळजींची मान बघितली. खरोखरच सरळ होती. केस फक्त दोन दिवसांपूर्वी कापलेले, काठ रेघेसारखा. काकासुद्धा वाकून बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की काकूंना तो बघवेना. गल्लीनं जीव लावला होता तो असा कागदाला कागद जोडून काकांच्याच विरुद्ध उभा राहिला होता. अजून दोन मिनिटांत साहेब फाइल मिटणार, आणि पहिल्या तारखेला काका वस्तरा काढणार.

काकू उभ्या राहिल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"साहेब, ते केस ह्यांनी कापलेले नाहीत."

काका हसले. "अगं, असं काय करतेस? मीच कापले ना शनिवारी."

"शनिवारी तुम्ही कापलेत. रविवारी भाऊजींनी डेपोजवळ जाऊन नीट करून घेतले." काकूंचा आवाज स्वतःच्याच कानाला परका वाटत होता. "सगळेच घेतात. मी सांगितलंय त्यांना."

घड्याळजी टोपी दोन्ही हातांनी चुरगाळत होते. काकांनी त्यांच्याकडे बघितलं. "काय रे, काय म्हणतेय ही?"

साहेब खुर्चीतून उठले आणि टेबलाला वळसा घालून काकांपाशी आले. "काका, उजवा हात पुढे करा. डोळे मिटा. मी पेन टेकवलं की सांगायचं."

काकांनी हात पुढे केला. डोळे मिटले. साहेबांनी बॉलपेन उघडलं आणि अंगठ्यावर टेकवलं. मग जरा दाबून टेकवलं. मग तिसऱ्यांदा. अंगठ्याच्या पेरावर निळे ठिपके उमटले. काका शाळेतल्या मुलासारखे ताठ बसून वाट बघत होते.

"करा की साहेब सुरुवात," ते म्हणाले.

साहेबांनी पेन मिटलं. काकांनी डोळे उघडले आणि अंगठ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डाव्या हातानं तो अंगठा मुठीत धरला, जसं काही तो इतक्या लोकांसमोर उघडा पडायला नको होता.

मुद्दा मान्य झाला. विम्याच्या वकिलांनी हरकतसुद्धा घेतली नाही. बाहेर पॅसेजमध्ये वकीलबाईंनी काकूंचा हात दाबला, "काकू, जिंकलो आपण!" काकूंनी मान हलवली.

काका खिडकीपाशी घड्याळजींजवळ उभे होते.

"डेपोवाला बरा कापतो का?"

"बरा आहे."

"मानेवर मशीन चालवतो की कात्री?"

"मशीन," घड्याळजी म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. "घाई करतो रे फार. तुझ्यासारखं नाही."

"पुरे आता," काका म्हणाले. रागानं नव्हे. माणूस कंटाळल्यावर म्हणतो तसं.

घरी आल्यावर काका पलंगावर बसले. चप्पल काढायची राहिली होती. काकूंनी पाणी आणून ठेवलं. ते तसंच राहिलं.

"किती घरं?" काकांनी विचारलं.

"एकतीस."

"वरच्या मजल्यावरचे मेजरसुद्धा?"

"हो."

"ते तर स्वतःच्या बायकोचं ऐकत नाहीत."

"माझं ऐकलं."

काकांनी मान डोलावली. मग म्हणाले, "काय सांगायचीस?"

"आता कशाला ते?"

"सांग ना. मी दार उघडलंय असं समज."

काकू उभ्याच होत्या. त्यांनी पदर सारखा केला. नजर काकांवरून काढून भिंतीवर ठेवली, कारण तशी ठेवल्याशिवाय ते शब्द येत नसत.

"आमच्या ह्यांचा हात गेलाय. त्यांना अजून कळलेलं नाही. महिन्यातून एकदा येऊन खुर्चीत बसाल का?"

काकांनी नीट ऐकून घेतलं, परक्या घराचा मालक ऐकेल तसं. त्यांचे ओठ हलले. "बसेन," ते म्हणाले.

खाली कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"प्रत्येक दारात रडलीस?"

"पहिल्या पाच-सहा दारांत. मग सवय झाली."

"मला एकदा तरी सांगायचंस."

"कसं सांगणार?" काकू म्हणाल्या. "रोज संध्याकाळी जिन्यातून शीळ घालत वर यायचात तुम्ही."