कॉफीच्या मळ्यावर ती काय म्हणाली होती

औशाजवळच्या आमच्या गावात अजून सांगतात की दुष्काळात कॉफीच्या मळ्यावर गेलेल्या एका जोडप्याला, त्यातली बायको मळ्याच्या साहेबाला उलट बोलली म्हणून, हाकलून दिलं. ही गोष्ट खोटी आहे. ती मी पसरवली. आता लिहितानाही हात थकतो, पण लिहून ठेवायला हवं.

त्या वर्षी खरीप हातचं गेलं तेव्हा देगलूरकडचा एक कंत्राटदार माणसं गोळा करायला आला. कर्नाटकातल्या डोंगरात कॉफी तोडायची होती. माझं आजोळ सीमेपलीकडचं, मला कानडी यायची, म्हणून त्यानं मला मुकादम केलं. गावातली वीसेक माणसं निघाली. त्यांत बौद्धवाड्यातलं हे जोडपं होतं. तिला चौथा महिना होता. गावात खायला नव्हतं. मळ्यावर निदान रोज तांदूळ मिळणार होता.

कॉफीचं झाड आमच्यातल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. तिथली रीत अशी, की लाल फळ तेवढं एकेक करून तोडायचं. हिरवं राहू द्यायचं, आणि डहाळीला धक्का लावायचा नाही, कारण पुढच्या वर्षीचा बहर तिथंच धरतो. साहेबानं हे मला नीट समजावलं होतं. पण आमची माणसं हळू पडत होती आणि शेजारच्या टोळीच्या गोण्या आधी भरत होत्या. मीच त्यांना म्हणालो, "अंबाडीचा पाला ओरबाडता न्हवं? तसंच मुठीत धरा अन् ओढा."

दोन दिवस गोण्या भराभर भरल्या. तिसऱ्या सकाळी साहेब आला. गोणीत निम्मं हिरवं फळ, खाली डहाळ्यांचा सडा. ती बाई सगळ्यांत पुढच्या झाडाशी होती. साहेबानं कानडीत विचारलं, "असं तोडायला कुणी सांगितलं?" मी तिला मराठीत विचारलं.

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "तुमीच सांगितलाव की, मुकादम. साहेबाला सांगा."

मी साहेबाला सांगितलं, "ती म्हणते, आम्ही असंच तोडणार."

एवढंच. साहेबाचा चेहरा रागानं तिच्याकडं फिरला. त्याच दुपारी दोघांना बोचकं घेऊन निघावं लागलं. इतर कुणी तोंड उघडलं नाही. सगळ्यांनाच तिथं राहायचं होतं. मीही राहिलो, हंगाम संपेपर्यंत भात खाल्ला. ते दोघं गावाकडं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. तिचं ते मूल राहिलं नाही. परतल्यावर लोकांनी विचारलं तेव्हा साहेबाला सांगितलेलंच गावालाही सांगितलं. सोबतच्यांनीही ते खोडलं नाही; त्यांनीही तिथंच राहून भात खाल्ला होता.

पुढं उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. नव्या कचेऱ्यांत शिपाई हवे होते. तिच्या नवऱ्यानं अर्ज केला, सातवी झालेला माणूस. वागणुकीची चौकशी पोलीस पाटलाकडं आली. त्यांनी चावडीत सगळ्यांसमोर मला विचारलं, "मळ्यावर ह्यांचं काय झालं होतं? तुमी होतात म्हनं." मी म्हणालो, "जुनी गोष्ट हाय. जाऊ द्या." पाटलांना तेवढं पुरलं. त्याला नोकरी मिळाली नाही. लातूरच्या बाजारात पोती वाहून तो संपला.

मागच्या महिन्यात मी लातूरला तिच्या लेकीच्या घरी गेलो. लेक शाळेत शिकवते. ती म्हातारी लसूण सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिनं सोलणं थांबवलं नाही.

"हे मला काय सांगता? मी तितंच व्हते की."

"तुला कानडी कुठं कळत होती?"

"कानडी न्हाई कळलं. साहेबाचं तोंड कळलं. मी बोलले तवा ते तुमच्याकडं फिराय पायजे व्हतं, माज्याकडं फिरलं." मग म्हणाली, "लेकीचे बाबा गेले ह्येच मनात धरून. आता गावात सांगा. लई उशीर केलाव."

गावात आलो आणि पारावर सांगितलं. चार-पाच जण होते. एक म्हणाला, "आबा, आता कशाला उकरून काढायलाव? गरमीनं डोकं फिरलं काय?" बाकीचे हसले.

तेव्हाच्या पोलीस पाटलाचा मुलगा हसला नाही. त्यानं विचारलं, "म्हंजे तवा तुमी खोटं बोललाव?"

"व्हय."

"माजा बाप मरेपर्यंत त्या मानसाला माजोरी म्हनत व्हता," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.